छातीच्या उंचीवरची रेघ

खोडाभोवती टेप गुंडाळताना पहिली अडचण येते ती टेप आडवी ठेवण्याची. समोरून पाहताना ती अगदी सरळ दिसते, पण खोडाच्या मागच्या अंगाला बोटभर खाली घसरलेली असते, आणि तेवढ्यानेही घेर खऱ्यापेक्षा जास्त भरतो. म्हणून मोजणारा माणूस मान तिरकी करून मागे डोकावतो, टेपखाली सापडलेली वेल ओढून काढतो, सुटलेली साल आणि शेवाळ हाताने पुसतो, टेप पुन्हा ताणतो आणि मगच आकडा मोठ्याने सांगतो. वही धरलेला माणूस तो लगेच लिहीत नाही. आधी तोच आकडा परत उच्चारतो, समोरून होकार आला की लिहितो. मग खोडावर खडूने एक रेघ ओढली जाते आणि दोघे पुढच्या झाडाकडे वळतात.

काही वर्षांपूर्वी एका वनमोजणीच्या गटाबरोबर मी आठ दिवस हे काम केले. वनशास्त्राचे शिक्षण माझ्यापाशी नव्हते. वही धरायला आणि दोरीचे एक टोक पकडायला माणूस हवा होता, म्हणून मला सोबत घेतले गेले. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खुंटीपासून १७.८४ मीटर लांबीची दोरी सर्व बाजूंना फिरवली की १,००० चौरस मीटरचे, म्हणजे हेक्टरच्या एक दशांश क्षेत्राचे वर्तुळ तयार होते, आणि ज्याच्या खोडाचा मध्य त्या वर्तुळात येतो ते प्रत्येक झाड मोजायचे, असा नियम होता. उतारावर दोरी जमिनीलगत न ठेवता आडवी धरायची, कारण नकाशावरचे अंतर आडवे असते. घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा, आणि छाती कोणाची असा प्रश्न उरू नये म्हणून ती उंची जमिनीपासून १.३ मीटर ठरलेली होती. उतारावरच्या झाडासाठी ती चढाच्या बाजूने मोजायची, कललेल्या झाडासाठी खोडाच्या लांबीने.

तिसऱ्या दिवशी दुपारी वर्तुळाच्या कडेजवळ एक सडसडीत झाड माझ्या वाट्याला आले. टेप लावली, ३१.१ सेंटिमीटर भरले. आमच्या मोजणीत खोडाचा व्यास किमान १० सेंटिमीटर असेल तरच त्याला झाड म्हणायचे होते, आणि १० सेंटिमीटर व्यासाला घेर येतो ३१.४. मी शेवाळ पुसून टेप पुन्हा लावली, आकडा बदलला नाही. गटप्रमुख बाईंनी वहीकडे न पाहताच सांगितले, ‘‘ते आपल्यात येत नाही. पुढचं घ्या.’’ ते झाड माझ्या चौपट उंच होते, त्याच्या शेंड्यावर ऊन पडलेले होते, एका फांदीवर कसले तरी जुने घरटे होते, आणि तरीही त्या जंगलाच्या मोजणीत ते नव्हते. जगातल्या जंगलांत एकूण झाडे किती, हा प्रश्न वाचनात आला की माझे मन अजूनही आधी त्या झाडापाशी जाते.

हा प्रश्न लहान मुलाने विचारावा तसा वाटतो, आणि त्याच्या आजच्या उत्तरामागे खरोखरच मुले होती. केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांच्या प्रेरणेने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००६ मध्ये शंभर कोटी झाडे लावण्याची मोहीम सुरू केली. २००७ मध्ये जर्मनीत फेलिक्स फिंकबायनर या नऊ वर्षांच्या मुलाने मुलांची एक चळवळ उभी केली. तिचे नाव ‘प्लांट फॉर द प्लॅनेट’. २०११ मध्ये ती जागतिक मोहीमही याच संस्थेकडे सोपवण्यात आली. शंभर कोटी झाडे लावली तर त्याने फरक किती पडतो, हे कळायचे असेल, तर मुळात झाडे आहेत किती हे माहीत असायला हवे, आणि संस्थेने हा प्रश्न येल विद्यापीठातील थॉमस क्राउदर या तरुण संशोधकापुढे ठेवला. तेव्हा जो आकडा सांगितला जात असे, तो होता सुमारे ४० हजार कोटी. उपग्रहांच्या प्रतिमा आणि जंगलांचे क्षेत्रफळ यांवरून तो काढलेला होता. क्राउदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास सप्टेंबर २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यातला आकडा होता ३ लाख ४ हजार कोटी, म्हणजे आधीच्या साडेसात पटींहून अधिक. तेव्हाच्या लोकसंख्येनुसार माणशी ४२२ झाडे. कोणी दर सेकंदाला एक झाड याप्रमाणे अखंड मोजत बसला, तर त्याला सुमारे ९६ हजार वर्षे लागतील.

जुना आकडा इतका कमी होता हे आधी कोणाच्या लक्षात कसे आले नाही, याचे मला फार आश्चर्य वाटले, कारण ते पडताळून पाहायला साधा भागाकार पुरतो. अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीनुसार जगातील वनक्षेत्र ४०६ कोटी हेक्टर आहे. ४० हजार कोटी झाडे त्यावर सारखी पसरली, तर एका हेक्टरला शंभरही झाडे येत नाहीत. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोनात एखादे झाड, असे ते जंगल दिसेल. आमच्या खुंटीभोवतीच्या वर्तुळात त्या हिशेबाने दहा झाडे भरायला हवी होती, आणि आमच्या बहुतेक वर्तुळांत त्याहून कितीतरी जास्त रेघा ओढल्या गेल्या होत्या. नव्या आकड्याने तोच भागाकार केला, तर हेक्टरी साडेसातशेच्या आसपास झाडे येतात, म्हणजे पावणेचार मीटर बाजूच्या चौकोनात एक. सगळी झाडे काही जंगलातच नसतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण डोळ्यांनी पाहिलेल्या जंगलाशी तो जुळतो. शिवाय २०१३ मध्येच हान्स तेर स्टेगे आणि त्यांच्या मोठ्या गटाने ‘सायन्स’मध्ये एकट्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील झाडांचा अंदाज मांडला होता, तो होता ३९ हजार कोटी. तो आणि जगाचा जुना आकडा शेजारी ठेवले, तर अ‍ॅमेझॉन वगळता उरलेल्या साऱ्या पृथ्वीच्या वाट्याला जेमतेम एक हजार कोटी झाडे उरतात. दोहोंपैकी एक आकडा चुकीचा असणे अटळ होते.

अंदाज या शब्दाची आपल्या भाषेत संगत फारशी चांगली नाही. ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ म्हटले की बेफिकिरी आलीच. मला मात्र या विषयात अंदाज या शब्दाबद्दल आदर वाटू लागला आहे, कारण इथे अंदाज म्हणजे आपण काय पाहिले, काय पाहिले नाही आणि न पाहिलेल्याबद्दल कशाच्या आधारे बोलतो, याची उघड कबुली असते. क्राउदर यांच्या गटाने स्वतः जाऊन झाडे मोजली नाहीत. अंटार्क्टिका सोडून सर्व खंडांत, वेगवेगळ्या देशांच्या वनखात्यांनी आणि संशोधकांनी आधीच मोजून ठेवलेल्या ४,२९,७७५ नमुना क्षेत्रांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. अशा प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी टेप ताणलेली आहे आणि कोणीतरी आकडा परत उच्चारलेला आहे. मग प्रत्येक ठिकाणचे तापमान, पाऊस, जमिनीचा उतार, उपग्रहाला दिसणारी हिरवाई आणि माणसाच्या वस्तीच्या व शेतीच्या खुणा यांच्याशी झाडांच्या दाटीचे नाते काय, हे गणिताने शोधले आणि त्या नात्याच्या आधारे, जिथे कोणीच टेप घेऊन गेले नव्हते, अशा प्रत्येक चौरस किलोमीटरमध्ये किती झाडे असावीत, हे काढले.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. जंगलाचे तसे नाही. समुद्रकाठच्या खारफुटीवरून उत्तरेकडच्या सूचिपर्णी अरण्याची परीक्षा होत नाही आणि कोरड्या गवताळ माळावरून विषुववृत्तीय वनाची होत नाही. म्हणून त्यांनी पृथ्वीवरील वनस्पतिप्रदेशांचे १४ प्रकार वेगळे धरले आणि प्रत्येक प्रकारासाठी नाते वेगळे मांडले. असे केल्यावर काही ठिकाणी विचित्र दिसणारे निष्कर्ष हाती आले. एरवी ओलावा वाढला की झाडे वाढतात. पण काही प्रदेशांत जिथे ओलावा जास्त तिथेच झाडे कमी निघाली. कारण तिथे माणूस आधी पोहोचला होता: पाणी आणि चांगली माती असलेल्या जागा शेतीसाठी घेतल्या गेल्या आणि झाडांसाठी उरल्या त्या कोरड्या व अवघड जागा. वनस्पतींचा अभ्यास म्हणून सुरू झालेल्या हिशेबात माणसाची पावले अशी उमटलेली पाहून मी थबकलो.

या आकड्याबरोबर एक मर्यादाही सांगितलेली आहे: कमी-अधिक ९,६०० कोटी. ती वाचून आकडा फार पक्का आहे असे वाटते, पण मला ती मर्यादा अपुरी वाटते, आणि तसे म्हणण्याचे कारण त्या आठ दिवसांतच मला कळले होते. गणिताची ही मर्यादा एका नमुना क्षेत्रात आणि दुसऱ्यात किती फरक पडतो, याचा हिशेब ठेवते. ती नमुना क्षेत्रे मुळात कुठे आखली गेली, याचा ठेवत नाही. नॉर्वेने १९१९ मध्ये, फिनलंडने १९२१ मध्ये आणि स्वीडनने १९२३ मध्ये संपूर्ण देशाच्या जंगलांची पद्धतशीर मोजणी सुरू केली. देशभर आडव्या-तिरप्या समांतर रेषा आखून त्या रेषांवरून माणसे चालत गेली, रेषेवर दलदल आली तरी आणि तोडलेले जंगल आले तरी. अशा देशांतून नोंदींचा पूर येतो. मध्य आफ्रिकेच्या खोल अरण्यांतून मात्र त्या मानाने थोड्याच नोंदी येतात. त्यातही जिथे रेषा आधी आखलेली नसते आणि जागा संशोधक स्वतः निवडतो, तिथे त्याचे पाय नकळत भरदार, उंच, न तुटलेल्या जंगलाकडे वळतात. आमच्या गटातही असे झाले असते. एका ठिकाणी खुंटीची जागा काटेरी झुडपांच्या जाळीत येत होती आणि वीस पावलांवर सुंदर मोकळे रान होते. बाईंनी जागा हलवू दिली नाही. कोयत्याने वाट करून आत शिरायला आम्हाला पाऊण तास लागला आणि आत मोजण्याजोगी फक्त चार झाडे निघाली. ती चार ही संख्या वहीत लिहिताना मला जो आनंद झाला, तो एखाद्या प्रचंड वृक्षाचा घेर लिहितानाही झाला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. झाड म्हणजे काय, हे ठरवल्याशिवाय झाडे किती हे सांगता येत नाही, आणि ही व्याख्या निसर्गाने आपल्याला दिलेली नाही. जगाच्या अंदाजातही तीच रेघ धरलेली आहे: छातीच्या उंचीवर १० सेंटिमीटरहून जाड लाकडी खोड. ही रेघ थोडी खाली सरकवली तर काय होते, याचे उत्तर पनामातील बारो कोलोरादो बेटावर मिळते. तिथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या सुमारास ५० हेक्टरचा एक तुकडा आखला आणि त्यात १ सेंटिमीटरहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक दिला. असे खोड करंगळीएवढे असते. त्या ५० हेक्टरांत दोन लाखांहून अधिक झाडे निघाली, सुमारे तीनशे जातींची. त्यांतली १० सेंटिमीटरची रेघ ओलांडणारी होती एकवीस हजारांच्या आसपास. तेच जंगल, तीच जमीन, आणि एका व्याख्येने झाडे दुसरीच्या दसपट. तेव्हा ३ लाख ४ हजार कोटी हा आकडा वाचताना त्याच्या खाली रेघेपर्यंत न पोहोचलेल्या झाडांची एक अफाट गर्दी उभी आहे, हे मनात धरूनच तो वाचावा लागतो. माझे ३१.१ चे झाड त्या गर्दीत आहे.

जाडी ठरली तरी एक झाड कशाला म्हणायचे हे उरतेच. खोड १.३ मीटरच्या खाली दुभंगले असेल तर दोन खोडे मोजायची, वर दुभंगले असेल तर एक, असा नियम आम्हाला होता. त्यामुळे एकाच मुळावर उभे असलेले झाड वहीत दोन ओळी व्यापून बसे. ज्यांच्या बुंध्याला भिंतीसारखे आधार फुटलेले असतात, त्यांचा घेर त्या आधारांच्या वर शिडी लावून घ्यावा लागतो. वडाचे काय करायचे? जमिनीला टेकून जाड झालेली पारंबी टेपला खोडासारखीच लागते. अमेरिकेच्या यूटा राज्यात पांडो नावाने ओळखली जाणारी अ‍ॅस्पेनची एक राई आहे: ४३ हेक्टर जमीन आणि तिच्यावर सुमारे ४७ हजार खोडे, पण मुळे सर्वांची एकच आणि वंशही एकच. शरद ऋतूत पाने पिवळी होतात तेव्हा ती राई एका रंगाने पिवळी होते. टेप घेऊन गेलेला माणूस तिथे हजारो झाडे लिहील, वनस्पतिशास्त्रज्ञ एक लिहील, आणि दोघेही खरेच लिहीत असतील. माझ्या मते जंगलाच्या मोजणीसाठी टेपवाल्याचा हिशेब घ्यावा, कारण वारा अडतो तो खोडांनी, पक्ष्याला फांदी मिळते ती खोडावरची.

हे सगळे आकाशातून का मोजता येत नाही, असे मला अनेकांनी विचारले आहे. काही ठिकाणी येते. सहाराच्या पश्चिम भागात आणि त्याखालच्या साहेल पट्ट्यात झाडे एकमेकांपासून दूर, एकेकटी उभी असतात. मार्टिन ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अतिशय बारीक तपशिलाच्या उपग्रह प्रतिमांवर सुमारे ९० हजार झाडे हाताने रेखाटली, त्यांवरून संगणकाला झाड ओळखायला शिकवले आणि १३ लाख चौरस किलोमीटर प्रदेशात १८० कोटींहून अधिक झाडे एकेक करून मोजली. ते वर्ष २०२०. ज्या भूमीला नकाशात आपण पिवळा रंग देऊन मोकळे होतो, तिथे १८० कोटी. २०२३ मध्ये याच पद्धतीने विषुववृत्ताच्या उत्तरेकडील आफ्रिकेच्या निमशुष्क पट्ट्यात ९९० कोटींच्या आसपास झाडे नोंदली गेली. पण तिथली रेघ वेगळी होती. वरून खोड दिसत नाही, दिसतो तो पर्णसंभार. म्हणून ३ चौरस मीटरहून मोठा पर्णसंभार असलेले ते झाड, अशी व्याख्या त्यांनी घेतली. माझे झाड साहेलच्या उघड्यावर उभे असते, तर बहुधा गणले गेले असते. दाट जंगलात मात्र तेच झाड मोठ्या वृक्षांच्या छत्राखाली झाकले जाते, आणि वरून पाहणाऱ्याला चाळीस खोडांच्या जागी पाच-सहा हिरवे घुमट दिसतात. जुना ४० हजार कोटींचा आकडा कमी पडला तो अशाच कारणाने. उपग्रह जंगलाचा विस्तार सांगतो, छत सांगतो, लेझरची मदत घेतली तर उंचीही सांगतो. छताखाली किती खांब आहेत हे विचारायला अजूनही खाली उतरावे लागते.

खाली उतरून पाहिले की दाटीचा नकाशा आपल्या कल्पनेपेक्षा वेगळा निघतो. जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक झाडे उष्ण आणि उपोष्ण कटिबंधात आहेत, यात नवल नाही, कारण तिथे जंगलच फार आहे. पण हेक्टरी सर्वाधिक दाटी सापडते ती स्कँडिनेव्हिया, रशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड सूचिपर्णी वनांत. तिथे उन्हाळा आखूड, माती गारठलेली. झाडे बारीक राहतात आणि म्हणून जास्त मावतात. उष्ण प्रदेशात एकच मोठा वृक्ष आपल्या सावलीत कित्येकांची जागा घेऊन बसतो. संख्या जास्त म्हणजे जंगल अधिक समृद्ध असे समीकरण इथे मोडते. अ‍ॅमेझॉनच्या त्याच अभ्यासात झाडांच्या जाती सुमारे १६ हजार असाव्यात असे निघाले, आणि त्यांपैकी अवघ्या २२७ जातींनी निम्मी झाडे व्यापलेली होती. उरलेल्या निम्म्यांत बाकीच्या सगळ्या, काही इतक्या विरळ की हजार झाडेही शिल्लक नसतील. अशा जातीचे एक झाड पडले, तर एकूण संख्येत काहीच हलत नाही.

नवा आकडा आला तेव्हा एक प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा ऐकली आणि ती मला अजून सलते: झाडे एवढी आहेत तर काळजी कशाला? पण जंगलात एकही झाड वाढले नव्हते. वाढली होती ती आपली माहिती. जंगलांत साठलेला कार्बन वेगळ्या पद्धतीने मोजला जातो आणि झाडांची संख्या साडेसातपट निघाली म्हणून तो साडेसातपट होत नाही. तेवढेच लाकूड अधिक खोडांत विभागलेले आहे, एवढेच कळले. त्याच अभ्यासात दुसरा आकडाही होता, तो मात्र फार कमी लोकांनी लक्षात ठेवला: दरवर्षी सुमारे १,५०० कोटी झाडे तोडली जातात, आणि नव्याने वाढणारी वजा केली तरी सुमारे एक हजार कोटींची तूट राहते. दर सेकंदाला एक झाड मोजणाऱ्या त्या माणसाने एक आकडा उच्चारेपर्यंत पावणेपाचशे झाडे पडलेली असतात. माणसाने शेती आणि वस्ती सुरू केल्यापासून जगातील झाडे सुमारे ४६ टक्क्यांनी घटली, असेही त्यांनी म्हटले आहे. हा शेवटचा आकडा मी जपून वापरतो, कारण तो काढताना आजचेच नाते घेऊन त्यातून माणसाच्या खुणा पुसल्या आहेत, आणि माणसाशिवायची पृथ्वी कोणी मोजलेली नाही. पण ज्या दिशेने तो बोट दाखवतो, त्या दिशेबद्दल मला शंका नाही.

झाडे लावण्याच्या मोहिमांच्या हिशेबातही हीच गफलत शिरते. लावलेल्या झाडांची संख्या सांगताना बोटाएवढ्या काडीचे रोपही झाड म्हणून धरले जाते. तोडलेल्या झाडांच्या बाजूला मात्र रेघ ओलांडलेली खोडे असतात. एका बाजूला जन्मलेली सगळी मुले आणि दुसऱ्या बाजूला फक्त प्रौढ माणसे ठेवून वजाबाकी करावी, तसे हे होते. रोपाला छातीच्या उंचीवर १० सेंटिमीटर व्हायला जात आणि जागा यांनुसार कित्येक वर्षे लागतात आणि बहुतेक रोपे तिथवर पोहोचत नाहीत. आणि रेघ ओलांडलेली झाडेसुद्धा एकमेकांच्या तोलाची नसतात. जगभरातील ४८ मोठ्या नमुना क्षेत्रांचा एकत्र अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की १ सेंटिमीटरहून जाड असलेल्या सर्व झाडांपैकी सर्वांत जाड १ टक्का झाडांत जमिनीवरचे निम्मे जैविक वजन साठलेले असते. शंभरांतले एक झाड तोडले आणि नव्याण्णव ठेवली, तर संख्येच्या वहीत ते जंगल जवळजवळ शाबूत दिसेल.

म्हणूनच मला ऑस्ट्रियातील वनपाल वाल्टर बिटरलिख यांनी १९४८ मध्ये मांडलेली पद्धत इतकी आवडते. एक मीटर लांबीची काठी घ्यायची, तिच्या पुढच्या टोकाला दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी बसवायची, मागचे टोक डोळ्याशी धरायचे आणि उभ्या जागी स्वतःभोवती एक फेरी घ्यायची. जे खोड पट्टीपेक्षा रुंद दिसेल ते मोजायचे, अरुंद दिसेल ते सोडायचे. मोजलेली खोडे जितकी, तितके चौरस मीटर लाकडी खोडांनी त्या जंगलाच्या प्रत्येक हेक्टरमध्ये व्यापलेले असतात. दोरी नाही, टेप नाही, वर्तुळ नाही. हे कसे होते ते समजायला मला एक संध्याकाळ लागली. १० सेंटिमीटर जाडीचे खोड ५ मीटरच्या आत असेल तरच पट्टीपेक्षा रुंद दिसते, ५० सेंटिमीटरचे २५ मीटरपर्यंत दिसते, मीटरभर जाडीचे ५० मीटरवरूनही. प्रत्येक झाड आपल्या जाडीप्रमाणे स्वतःचे वर्तुळ स्वतःच आखते, आणि खोडाचा छेद हा त्या वर्तुळाचा नेमका दहा हजारावा हिस्सा असतो. एका हेक्टरमध्येही दहा हजारच चौरस मीटर असतात. झाडांची संख्या या पद्धतीने थेट कळत नाही, पण बारीक आणि प्रचंड यांना एकाच मापाने न मोजण्याचा समजूतदारपणा तिच्यात आहे.

माझ्यापाशी काठी नसते, तेव्हा मी हात लांब करून अंगठा उभा धरतो. एका खोडामागे किती चौरस मीटर धरायचे तो गुणक बदलतो, रीत तीच राहते. कुठल्याही जंगलात थोडा वेळ उभे राहायला मिळाले की मी अशी एक फेरी घेतो. जवळची जाड खोडे अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात, ती मोजायची. लांबची बारीक खोडे अंगठ्याआड पूर्ण लपतात, ती सोडायची. आणि जवळजवळ प्रत्येक फेरीत एखादे खोड असे येते, की त्याची डावी कड अंगठ्याच्या डाव्या कडेला आणि उजवी उजव्या कडेला तंतोतंत टेकते, श्वास रोखून पाहिले तरी निकाल लागत नाही. अशा झाडांसाठीही नियम आहे. अंतर आणि जाडी मोजून खात्री करता आली तर करावी. ते शक्य नसेल, तर त्या झाडाला अर्धे धरावे.